दांडगा नावाचं बियाणं

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी नावं ठेवायचं काम करते. माझ्या हुद्द्याचं कागदावरचं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे, पण आईला समजावताना मी ते असं सोपं करून सांगितलं आणि घरात तेच चालू झालं. आईचं म्हणणं, आमच्या भावकीतल्या बायका हे काम पिढ्यान्पिढ्या फुकट करत आल्यात, त्याचा पगार घेणारी मी पहिलीच.

काम खरं तर गंभीर आहे. शास्त्रज्ञ मंडळी कित्येक वर्षं शेतात खपून कापसाचं एखादं नवं वाण तयार करतात. त्यांच्या लेखी ते म्हणजे दोन अक्षरं आणि चार आकडे. पण दुकानात आलेला शेतकरी आकडे मागत नाही, नाव मागतो. ते नाव त्याच्या तोंडात बसलं पाहिजे, परतूरच्या दुकानदाराला आणि तेलंगणातल्या दुकानदाराला सारखंच उच्चारता आलं पाहिजे आणि ऐकल्याबरोबर बोंडांनी वाकलेलं झाड डोळ्यांपुढे आलं पाहिजे. देवाचं नाव चालत नाही, कारण रिकामी पिशवी बांधावर पडते, पायाखाली येते आणि मग लोक बिथरतात. पुढाऱ्याचं चालत नाही, कारण पुढारी पडतो. फुलांची नावं भाजीपाल्याला शोभतात. कापसाची पिशवी मात्र मोठेपणाच्या शब्दावर खपते.

मी मराठीत एम.ए. आणि वर बी.एड. केलं ते शिक्षिका व्हायचं म्हणून. ते जमलं नाही, ती रडकथा इथे नको. कंपनीत लागल्यावर मी एक वही केली आणि मोठ्या आकाराचे, मोठ्या ताकदीचे जेवढे शब्द कानावर पडतील तेवढे तिच्यात लिहायला लागले. बसस्टँडवर, लग्नात, दळणाच्या गिरणीत, कुठंही. लोकांना वाटायचं मी हिशेब लिहिते.

वही भरत गेली तसं एकेक लक्षात येत गेलं. 'अजस्र' हा शब्द मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, तो पुस्तकातच राहतो. 'महाकाय' वर्तमानपत्रात सापडतो, तोही बहुतेक अजगरासाठी. 'टोलेजंग' इमारतीलाच लागतो आणि 'जंगी' कुस्त्यांना नाहीतर सभेला. 'अगडबंब' म्हटलं की हसू येतं. 'धिप्पाड'मध्ये कौतुक असतं, 'धटिंगण'मध्ये भीती. मुलगी वयाच्या मानानं मोठी दिसली की बायका 'थोराड' म्हणतात, आणि आवाज खाली आणून म्हणतात, कारण पुढचा विषय तिच्या लग्नाचा असतो. माझे आजोबा मोठ्या माणसाला राक्षस म्हणायचे, वडील इंजिन म्हणायचे आणि माझा भाचा बुलडोझर म्हणतो.

आणखी एक लक्षात आलं, ते मात्र मी वहीत लिहिलं नाही, कारण त्यानं काही खपलं नसतं. सारख्याच आकाराच्या दोन माणसांना सारखा शब्द मिळत नाही. पन्नास एकरवाला पोट पुढं करून चालला तर तो भारदस्त. त्याच वजनाचा हमाल त्याच्या मागून चालला तर तो आडदांड. डॉक्टरीणबाई अंगानं भरलेल्या असतात आणि त्यांच्याकडची धुणंवाली ढोल असते. मला या गोष्टीचा राग येतो, पण तो घेऊन जायचं कुठं हे माहीत नाही.

माझा मामा या दुसऱ्या, हमालांच्या रांगेतला. आईचा थोरला भाऊ. तिचं माहेर टेंभुर्णीच्या अलीकडचं एक लहान गाव, वाटणीला जेमतेम दीड एकर आलेलं, म्हणून मामा सतराव्या वर्षी जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल म्हणून लागला. उंची सहा फूट चार इंच. चप्पल मोची शिवून द्यायचा, तयार मिळायची नाही. एका पोत्याखाली बाकीचे हमाल वाकायचे, तेव्हा मामा दोन पोती पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा. कुठल्याशा मुनीमजीनं ते पाहून "दांडगा गडी आहे" असं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मोंढ्यात मामाचं नाव दांडगा पडलं. सहा महिन्यांत ते गावात पोचलं. त्याच्या लग्नपत्रिकेत खऱ्या नावापुढं कंसात 'दांडगा' छापलं होतं, नाहीतर पाहुण्यांना कळलं नसतं कुणाचं लग्न आहे. आम्ही भाचरं त्याला दांडगा मामाच म्हणत आलो.

हा शब्दही असाच सोयीनं वागतो. अनुभव दांडगा असला तर माणूस आदरणीय ठरतो. जनसंपर्क दांडगा असला तर तिकीट मिळतं. नुसता माणूसच दांडगा असला, तर त्याच्या घरी भांडं पडलं तरी शेजारी म्हणतात, दांडगाई चालू झाली. मामा आयुष्यात कुणावर हात उचलायला गेला नाही. त्याला आपल्या हाताची भीती वाटायची. आम्हा पोरांना उचलतानासुद्धा तो आधी शर्टाला हात पुसायचा आणि मग दोन बोटं काखेत घालून अंडं उचलावं तसं उचलायचा.

पंचावन्नाव्या वर्षी कंबर गेली आणि मामा गावाकडं परत आला. मामी आधीच गेलेली, मुलगी दिलेल्या घरी. दीड एकर स्वतःच बघायचा आणि उरलेला वेळ चौकातल्या चहाच्या हॉटेलावर बसायचा.

आता ती बैठक. चार वर्षांमागं कंपनीचं कापसाचं एक नवं वाण तयार झालं. झाड उंच, फांद्या जाड, बोंड मुठीत मावेना. नाव ठेवायला शेठ स्वतः बसले होते. शेठ म्हणजे कंपनीचे मालक. मी वहीतली अकरा नावं वाचली. एक दुसऱ्या कंपनीचं निघालं, एक तेलुगूत वाईट वाटत होतं, दोन शेठना औषधाच्या गोळीसारखी वाटली. सगळे कंटाळले होते, चहा दोनदा झाला होता. मी वही मिटली आणि तोंडातून गेलं, "मग दांडगा ठेवा."

शेठनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग विक्रीवाल्यानं म्हणून पाहिला. मग सगळेच हसले, आणि नावाच्या बैठकीत लोक हसले की नाव ठरलं असं समजायचं असतं. शेठनी विचारलं, कुठून आणला? मी म्हणाले, आमच्याकडचा शब्द आहे. माझ्या मामाचं नाव आहे असं मी म्हणाले नाही. खोटं बोलले नाही, पण तेवढ्यानं हात स्वच्छ होत नाहीत.

दुसरी चूक आठवड्यानं झाली. पिशवीवर चित्र काढणाऱ्याला दांडगा माणूस हवा होता आणि त्याला सिनेमातले सोडून दुसरे सुचत नव्हते. मी मोबाइलमधला माझ्या भावाच्या लग्नातला मामाचा फोटो दाखवला. फेटा, कमरेवर एक हात, मांडवाच्या खांबाला टेकून उभा. चित्रकारानं फेटा ठेवला, हात ठेवला, मिशा वाढवल्या आणि खांबाच्या जागी कापसाचं झाड काढलं. चेहरा मामाचाच राहिला. मामाला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. घरच्या माणसाला कुणी परवानगी विचारतं का, असंच आपण वाढलेलो असतो.

पहिली छापून आलेली पिशवी घेऊन मी गावी गेले. मामानं ती उन्हात धरून बघितली, पालथी करून मागचं बारीक अक्षरातलंही बघितलं. मग विचारलं, "हा मीच का?" मी हो म्हणाले. तो उठून आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा दाढी केलेली होती. पिशवी घेऊन आम्ही चौकात गेलो.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. पाऊस वेळेवर होता, वाणही चांगलं होतं. कंपनीचा रंगारी गावोगावच्या भिंतींवर मामाला रंगवत फिरला. चौकातल्या हॉटेलासमोरच्या भिंतीवर पाच हात उंच मामा आला आणि खाली बाकड्यावर खरा मामा. येणारेजाणारे दोघांना रामराम घालायचे. चेष्टा व्हायची, पण तिच्यात अभिमान होता. चित्रकारानं कधीतरी शेठना सांगितलं की हा माणूस खरा आहे, बाईंचा मामा आहे. शेठ खूश झाले. टेंभुर्णीत शेतकरी मेळावा घेतला, मामाला गाडी पाठवली, शाल आणि नारळ दिला आणि माइक हातात दिला. मामा माइककडं बघत राहिला. मग म्हणाला, "बी चांगलं हाय. मी सांगतो." आणि खाली बसला. टाळ्या पडल्या. कंपनीनं लाखांच्या जाहिराती केल्या असतील, पण आमच्या पट्ट्यात ते वाण त्या एका वाक्यावर खपलं.

पुढच्या वर्षी मामा स्वतःहून घरोघर गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कमिशन वगैरे काही नव्हतं. माणसाला साठीत पहिल्यांदा काही मोठेपणा मिळाला तर तो बाकड्यावर बसून राहत नाही. गावातल्या चाळीसेक घरांनी त्याच्या शब्दावर दांडगा लावला.

उगवलंच नाही. अगदीच नाही असं नाही, दहा ठिकाणी सरकी लावली तर तीन-चार ठिकाणी कोंब दिसायचा. आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते आणि माझ्यासमोर आसपासच्या आणखी दोन गावांच्या तक्रारी पडलेल्या होत्या. आमच्या तांत्रिक अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की लावणीनंतर पावसाचा जोरदार फटकारा आला, मातीवर पापडी धरली, कोंबाला बाहेर येता आलं नाही. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की शेजारच्या शेतात, त्याच मातीत, दुसरं बी उगवलं. आमच्या गोदामात कुणी म्हणायचं त्या लॉटमध्येच गडबड होती. खरं काय ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मामाला मात्र कुणी पापडी, लॉट असलं काही विचारायला आलं नाही. त्याला चौकात विचारलं जाऊ लागलं, काय दांडगे, तुम्ही उगवला न्हाईत? पहिले दोन दिवस हसत विचारलं, मग हसणं गेलं. एकानं भिंतीवरच्या चित्राच्या तोंडावर शेण फेकलं. एक म्हातारी, जिच्या पोरांना मामानं मोंढ्यात कामाला लावलं होतं, ती त्याच्या दारात येऊन एवढंच म्हणाली की, आम्ही कंपनीला ओळखत न्हाई, तुला ओळखतो. आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती.

तक्रारीची एक सरकारी वाट आहे. अर्ज करायचा, मग तालुक्याची समिती शेतात येते, पंचनामा होतो, अहवाल होतो, मग भरपाई मिळाली तर मिळते. त्यात महिना-दीड महिना सहज जातो. कापूस पुन्हा लावायचा तर हातात आठ-दहा दिवस होते. त्यानंतर लावलेल्याला अर्थ नसतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे गावाला कागद नको होता, बी हवं होतं, आणि लगेच हवं होतं. नाहीतर वर्ष गेलं होतं, आणि त्याबरोबर मामाचा शब्दही कायमचा गेला असता.

मामा सकाळच्या एसटीनं जालन्याला आला. मला कळवलं नाही. आमच्या ऑफिसात शिरल्याबरोबर डावीकडं पाहुण्यांसाठी तिघांना पुरेल असा सोफा आहे. मामा त्यावर बसला आणि सोफा भरला. मागं भिंतीवर त्याचंच चित्र, माणसापेक्षा मोठं, काचेत. वॉचमननं ओळखून सलाम केला आणि पाणी आणून दिलं. समोरच्या टेबलावरच्या मुलीनं काम विचारलं तेव्हा मामा म्हणाला, शेठला भेटायचंय, आन् गावाला बी पाहिजे, मी बसतो.

आणि बसला. ओरडला नाही, कुणाला अडवलं नाही, कागद पुढं केला नाही. बाहेरगावचे दुकानदार यायचे, आधी चित्र बघायचे, मग खालचा माणूस बघायचे आणि कुजबुजत आत जायचे. त्याला उठवायचं कुणी? वॉचमन त्याच्या छातीला लागायचा. आणि उठवून सांगायचं तरी काय, की तुमचं चित्र राहू द्या, तुम्ही जा?

मी त्या दिवशी वरच्या मजल्यावर होते. तो आल्याचं मला अकरा वाजता कळलं. मी खाली गेले नाही. जेवायला जाताना मागच्या, गोदामाकडच्या जिन्यानं गेले आणि त्याच जिन्यानं परत आले. मला नोकरीची भीती वाटत होती, बाकीच्यांच्या नजरेची लाज वाटत होती आणि मामाला काय सांगायचं ते माहीत नव्हतं. कारणं तीन असली तरी गोष्ट एकच, मी मागच्या जिन्यानं गेले. संध्याकाळी ऑफिस बंद होताना मामा उठला, वॉचमनला रामराम केला आणि मोंढ्यात कुठल्या जुन्या सोबत्याकडं झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी दारात हजर.

त्या दिवशी मी पुढच्या दारानं गेले. त्याच्या शेजारी जागा नव्हती म्हणून सोफ्याच्या हातावर बसले. मामानं एवढंच विचारलं, "तुला ठाव होतं का, माय?" मी नाही म्हणाले. त्यानं मान हलवली आणि तो विषय त्याच्या बाजूनं संपला. त्यानं डब्यात काय आणलंय विचारलं. आम्ही दोघांनी तिथंच माझा डबा खाल्ला, सगळ्यांदेखत, तीन पोळ्या आणि वांग्याची भाजी. त्याचं काय होणार होतं त्या तीन पोळ्यांत.

दुपारी शेठ बाहेर आले. त्यांच्याबरोबर तांत्रिक अधिकारी होते आणि त्यांनी मातीवरच्या पापडीचं सगळं समजावून सांगितलं, फोटो दाखवले, चांगल्या भाषेत सांगितलं. मामानं सगळं ऐकून घेतलं.

"असंल," मामा म्हणाला. "मी न्हाई म्हणत न्हाई. मी हमाल माणूस, मला त्यातलं काय कळतं. पण शेठ, मोंढ्यात एक रीत राहती. पाठीवर पोतं फाटलं, तर ते कोणी शिवलं, कधी सडलं, कोणाची चूक, हे इचारायचं न्हाई. ज्याच्या पाठीवर फाटलं त्यानं तिथंच खाली बसायचं आन् दाणा दाणा गोळा करायचा. समदं भरल्याबिगर उठायचं न्हाई. हे पोतं माह्या पाठीवर फाटलंय. म्हून मी बसून राह्यलो."

शेठच्या वडिलांची मोंढ्यात आडतीची पेढी होती, त्यांचं लहानपण त्या गादीवर गेलेलं. ही रीत त्यांना सांगावी लागत नव्हती, त्यांनी ती बघितलेली होती. मला वाटतं वकिलानं, पुढाऱ्यानं, पेपरवाल्यानं जे झालं नसतं ते त्या चार वाक्यांनी झालं. त्यांनी गोदामवाल्याला बोलावलं आणि दुसऱ्या लॉटमधल्या, तपासलेल्या पिशव्या मामाच्या गावासाठी काढायला सांगितल्या. कागदावर काही येणार नाही, चूक कबूल केली असं कुणी म्हणायचं नाही, एवढी अट घातली. मामाला कागदाशी देणंघेणं नव्हतंच. बाकीच्या दोन गावांना समितीची वाट बघावी लागली, हेही सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्याकडं बसायला कुणी नव्हतं.

पिशव्या गाडीत चढवताना मामा उठला आणि कंबर विसरून हात लावायला लागला. गोदामाच्या हमालांनी त्याला लावू दिला नाही. तेवढ्यात तो शेठकडं वळून म्हणाला, एक काम आणखी करा, माझं चित्र काढून टाका, आन् नावही. शेठ म्हणाले, चित्र उद्यापासून छापायचं बंद. नावाचं मात्र तसं नसतं. ते नाव रीतसर नोंदवलेलं आहे, आता कंपनीचं आहे, दुसऱ्या कुणी वापरलं तर दावा लागतो.

"मंग मी वापरलं तर?" मामानं विचारलं.

शेठ हसले आणि म्हणाले, तुम्हाला माफ आहे. त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं, हे मी जवळून बघितलं. मामा हसला नाही. गाडीत पुढं बसला आणि गेला.

बी उगवलं. लावणीला उशीर झाल्यानं पीक निम्मंशिम्मं आलं, पण आलं. पिशव्या मामानं स्वतः घरोघर नेऊन दिल्या, आधी त्या म्हातारीकडं. गाव मोकळं झालं. उलट गावाला आता वाईट वाटायला लागलं होतं, आणि वाईट वाटलं की आपली माणसं सांगत नाहीत, वागण्यात बदल करतात. गावानं मामाला दांडगा म्हणायचं सोडून दिलं. तो शब्द तोंडात आला की बियाणं आठवायचं, शेण आठवायचं. म्हणून लोक त्याला त्याच्या खऱ्या नावानं, पुढं राव लावून, हाक मारू लागले. गेल्या पंचेचाळीस वर्षांत ते नाव कुणी वापरलेलं नव्हतं.

ते वाण बाकी तीन राज्यांत चांगलं चाललं. त्या नावाबद्दल मला दिवाळीत बढती मिळाली. मी ती घेतली.

मधे वर्षभर गावी जाणं झालं नाही, किंवा मी होऊ दिलं नाही. गेल्या उन्हाळ्यात गेले, पेढे घेऊन. चौकातल्या भिंतीवर नवीन रंग होता. नाव तेच, अक्षरं आधीपेक्षा मोठी, खाली व्यायामशाळेतला उघडाबंब तरुण, अंगाला तेल लावलेला. मामा त्याच्याकडं पाठ करून हॉटेलाच्या पलीकडच्या ओट्यावर बसला होता. साखरेच्या आजारानं उतरला होता, शर्ट खांद्यावरून खाली आलेला. हॉटेलवाल्यानं त्याला चहासाठी नावानं हाक मारली. मामानं वळून बघितलं नाही. हॉटेलवाल्यानं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं, तरी नाही. त्याला ऐकू चांगलं येतं. दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं त्याला वाटलं असावं. शेवटी हॉटेलवाला कप घेऊन समोर जाऊन उभा राहिला तेव्हा मामा दचकला आणि कप घेतला.

मला ते बघवलं नाही. मी रस्ता ओलांडता ओलांडताच लहानपणी मारायचे तशी हाक मारली, "दांडगा मामा!"

ही हाक त्याला लगेच कळली. तो वळला, मला बघून ओट्यावर सरकला, जागा करून दिली. पेढ्याचा पुडा मांडीवर घेतला, पण सोडला नाही. कशाचे म्हणून विचारलं, मी सांगितलं. बरं झालं म्हणाला, आणि खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाला. मग अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं केला.

"ते आता म्हणू नको, माय," तो म्हणाला. "इकलेल्या मालाला हमालानं पुन्हा हात लावायचा नसतो. नुस्तं मामा म्हण." त्यानं चहाचा घोट घेतला. "आन् ते तरी कुठं छापू नको."